शेवटचा डबा दिसेपर्यंत

भंगारवाल्याने नखाने खरवडून बघितलं नसतं, तर ती फ्रेम मी त्याला देऊन टाकली असती.

आमच्या गोठ्यात गुरं नाहीत, त्याला बरीच वर्षं झाली. चक्रीवादळानंतर तिथे वाकलेले पत्रे, फुटकी कौलं, जळलेला पंप असं सगळं नेऊन टाकलं होतं आणि 'बघू नंतर' म्हणून दार लावून घेतलं होतं. दिवेआगरला येणाऱ्या पाहुण्यांना मी वाडीतल्या दोन खोल्या देते. गेल्या हिवाळ्यात मनात आलं, गोठा पाडून तिथे नीट न्हाणीघर बांधावं. म्हणून टेम्पोवाल्याला बोलावलं. त्याने पत्रे उचलले, पंप उचलला, आणि कोपऱ्यातलं गोणपाट सोडून म्हणाला, "ताई, ह्ये काय हाय? शिलाई मशीन?"

"रेल्वेची केबिन," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. एकट्या राहणाऱ्या बाईकडे बघायची लोकांची एक तऱ्हा असते, ती मला पाठ आहे. मग आत पितळ आहे की लोखंड हे कळावं म्हणून त्याने पहिल्याच लिव्हरवर अंगठ्याचं नख घासलं. लाल रंगाचा जाड पोपडा निघाला. त्याखाली आणखी एक लाल पोपडा होता, त्याखाली आणखी एक. "रंगच रंग हाय," तो हसत म्हणाला. "आत लोखंड हाय का न्हाय कोन जाणे."

मला राग आला. तो रंग माझ्या आईने लावलेला होता, आणि त्याला हसायचा हक्क फक्त आमच्या घरातल्या माणसांना होता. मी म्हटलं, "ते राहू दे. पत्रे घे आणि जा." तो गेला. ते अवजड धूड मी एकटीने ओढत ओटीवर आणलं आणि पाठीत उसण भरून घेतली. दुरुस्तीची सुरुवात अशी झाली. हौस वगैरे काही नव्हती.

दिवेआगरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर म्हसळ्यावरून पुढे माणगाव गाठावं लागतं. पण माझे वडील, आमचे अण्णा, घाटाखालच्या एका जंक्शनवर केबिनमन होते, सिग्नल आणि सांधे ओढणारे. नोकरी रुळांवर आणि घर समुद्रावर. पंधरवड्याने कधीतरी घरी यायचे, आणि आले तरी निम्मे तिकडेच असायचे. जेवता जेवता हात थांबायचा, कान टवकारायचे. आई म्हणायची, "गाडी न्हाय ती, लाट हाय. जेवा."

ही फ्रेम त्यांनी आणली होती. नव्या भरतीच्या लोकांना शिकवायला रेल्वेच्या शाळेत अशी छोटी नमुन्याची फ्रेम असायची. शिवणयंत्राएवढी पेटी, त्यावर ओळीने सहा लिव्हर, वितीएवढे उंच. मागे छोटे खांब आणि खांबांवर हात वर-खाली करणारे सिग्नल. पुढे रुळाचे चिमुकले तुकडे, त्यांत गाडीची वाट वळवणारा एक सरकता सांधा. शाळेत नवीन सामान आलं तेव्हा ही जुनी मोडीत निघाली. अण्णांनी साहेबाला विचारून ती मागून घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून घरी आणली, ओटीच्या भिंतीवर बसवली. आईला वाटलं, रेडिओ आणला. फ्रेम बघितल्यावर ती दोन दिवस अण्णांशी बोलली नाही.

फ्रेमच्या पोटात खाचा पाडलेल्या पट्ट्या असतात. एक लिव्हर ओढला की पट्टी सरकते आणि दुसऱ्याला अडवते. ज्या दोन सिग्नलांनी दोन गाड्या एकमेकींवर येतील, ते लिव्हर एका वेळी ओढताच येत नाहीत. घरी कुणीही आलं की अण्णा आधी एक लिव्हर ओढून ठेवायचे आणि मग पाहुण्याला म्हणायचे, "आता हा ओढा. लावा जोर." पाहुणा जोर लावायचा. लिव्हर हलायचा नाही. मुलगा पहिला आल्यासारखा अण्णांचा चेहरा फुलायचा. एक सक्ती मात्र होती. लिव्हरला उघडा हात लावायचा नाही, फडक्यानेच धरायचा. केबिनमध्ये तशीच रीत असते, हाताच्या घामाने लोखंड गंजतं म्हणून. आमच्याकडे तर हवाच खारी. आई पदराने धरायची, दादा रुमालाने, मी फ्रॉकच्या टोकाने आणि त्याबद्दल बोलणी खायचे.

आता कड्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

खऱ्या केबिनमध्ये लिव्हरवर चढवायची लोखंडी कडी असतात. रेल्वेची माणसं त्यांना कॉलर म्हणतात. गाडी स्टेशनात उभी असली की केबिनमन त्या सिग्नलच्या लिव्हरवर कॉलर चढवतो. मुठीजवळची खिटी दाबल्याशिवाय लिव्हर सुटत नाही, आणि कॉलर असली की खिटी दाबता येत नाही. म्हणजे चुकून, विसरून, बोलण्याच्या नादात तो लिव्हर ओढला जात नाही आणि उभ्या गाडीवर दुसरी गाडी येत नाही. आमच्या छोट्या फ्रेमसोबत तशीच बोटात घालायच्या अंगठीएवढी पितळी कडी आली होती. अण्णांनी आईला समजावलं, "कडं असलं म्हणजे समजायचं, आपलं कुणीतरी अजून लाइनीवर आहे. त्याला विसरायचं नाही."

आईने त्या फ्रेममधली तेवढीच एक गोष्ट उचलली. पहिला लिव्हर अण्णांचा, दुसरा तिचा, तिसरा दादाचा, चौथा माझा, असं तिने ठरवून टाकलं. अण्णा ड्यूटीवर निघाले की पहिल्यावर कडं. दादा मांडव्याहून लाँचने मुंबईला निघाला की तिसऱ्यावर. मी म्हसळ्याला परीक्षेला गेले तरी चौथ्यावर. उरलेली कडी तिच्या शिवणाच्या डब्यात असायची. शेजारच्या बायका कुणी परगावी निघालं की हातावर दही घालतात. आमची आई दही घालून शिवाय लिव्हरला कडं घालायची.

चढवण्याचं सोपं होतं, उतरवण्याचे नियम होते. जिने चढवलं तिनेच उतरवायचं. आणि नुसती हाक ऐकून उतरवायचं नाही. अण्णांनीच तिला सांगून ठेवलं होतं, की इंजिन दिसलं म्हणजे गाडी आली असं केबिनमन धरत नाही. मागचा डबा, त्यावरची शेवटची खूण डोळ्यांनी बघितली, की मग गाडी सगळी आली. मधेच डबे सुटून मागे राहिलेले असतात कधी कधी. आईने हे इतकं मनावर घेतलं, की आम्ही बाहेरगावाहून आलो की पाय धुवायच्या आधी तिच्यासमोर उभं राहून पाठ फिरवायला लागायची. ती आम्हाला टाळूपासून टाचेपर्यंत बघायची आणि म्हणायची, "हां. आला सगळा." मग पदराने कडं काढायची. दादाचे मित्र बरोबर असले की तो लाजेने लाल व्हायचा, पण फिरायचा. बडा साहेब झाला तरी फिरायचा. अण्णासुद्धा फिरायचे, बॅग हातात घेऊन.

रंगाचंही सांगायला हवं. आमच्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या लगबगीत, घरातल्या लोखंडाला ऑइलपेंट मारतात. खिडकीचे गज, विहिरीचा रहाट, फाटक, खाट. खारी हवा आणि पाऊस, दोन्ही मिळून लोखंड खातात. रंग जुन्यावरच मारायचा. खरवडत कुणी बसत नाही, काही सोडवून बाजूला काढत नाही, बिजागरीसकट, खिळ्यांसकट सगळ्यावरून ब्रश फिरतो. जुना रंग म्हणजे आणखी एक कवच, अशी समजूत. आई फ्रेमलाही त्यात धरायची. सगळे लिव्हर लाल. अण्णा कळवळून सांगायचे, "अगं, सांध्याचा लिव्हर काळा असतो. लांबच्या सिग्नलचा पिवळा असतो." आई म्हणायची, "डबा लाल हाय." पुढे ते बोलायचे थांबले. रिटायर झाल्यावर त्यांनी हे दुःख बाकीच्या दुखण्यांबरोबर सहन केलं.

अण्णा गेले तेव्हा दादा आखातात होता, जहाजं दुरुस्त करायच्या एका गोदीत. रजा मिळून तो येईपर्यंत दिवस झाले होते, तेराव्याची पानं मांडली जात होती. तो दारात आला. आई उठली नाही. पाठ फिरव म्हणाली नाही. भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "पाव्हण्यासारखा आलास, पाव्हण्यासारखा जेवून जा."

ते तिचं दुःख बोलत होतं. मला तेव्हाही कळलं होतं, दादालाही कळलं असेल. पण बोललेलं बोललं गेलं होतं. तो खाली मान घालून जेवला, हात धुतले आणि संध्याकाळच्या एसटीने गेला. मी मागच्या दारी भांड्यांत होते. तो चपला घालत असताना ओटीवर काय झालं, ते मी बघितलं नाही.

मी तेव्हा पुण्याला नोकरीत होते. वर्षातून एकदा गणपतीला यायचे, आणि गणपतीत ओटीच्या त्या भिंतीवर मखराचा पडदा असायचा. पुढे आईची नजर अधू झाली, माझंही पुण्यात फारसं काही उरलं नव्हतं, तेव्हा मी कायमची घरी आले. आल्या आल्या फ्रेमकडे बघितलं. तिसरा लिव्हर इतरांसारखाच लाल, गुळगुळीत, रिकामा. मी बाजारात निघाले की आई चाचपडत उठून चौथ्यावर कडं चढवायची, आले की मला फिरवून उतरवायची. म्हणजे रीत चालू होती. फक्त दादाचं कडं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, आईने तो विषय संपवला. तिला विचारलं नाही. जखमेवरची खपली कशाला काढा, असं वाटलं. आमच्या घरात एकमेकांची मनं सांभाळायची म्हणून न बोलायची फार सवय. त्या सवयीला मी आता शिव्या घालते.

मग एकदा मी आईला डोळे दाखवायला श्रीवर्धनला घेऊन गेले होते. परत आलो तर शेजारच्या वहिनी कुंपणाशी उभ्या. "तुमचा दादा येऊन गेला काय? बॅग घेऊन आत गेला नि तसाच बाहेर आला. हाक मारली तर वळून बघितलं न्हाय."

आई म्हणाली, "तो नव्हं. तो आला असता तर थांबला असता."

त्या दिवशी तिने जेवणात दोन पानं घेतली आणि मध्ये एक रिकामं ठेवलं. पुढे तो विषय काढला नाही. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, हो, आलो होतो, वेळ नव्हता, घाईत होतो. मी म्हटलं, "आखातातून दिवेआगरपर्यंत यायला वेळ होता आणि तासभर बसायला नव्हता?" त्यानंतर वर्षा-सहा महिन्यांनी त्याचा फोन यायचा, माझ्या मोबाइलवर. आई कशी आहे, औषधं घेते का, एवढंच. आईला दे असं कधी म्हणाला नाही. आई समोर बसलेली असायची, फोन कुणाचा ते तिला कळायचं, आणि ती सुपारी कातरत राहायची. फोन ठेवला की मी त्याला दगड म्हणायचे. आई म्हणायची, "दगड नको म्हणू. माझा पोर हाय तो."

चक्रीवादळ आलं तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती, माणसं घरात कोंडलेली होती. आमच्या वाडीतले निम्मे माड आणि जवळजवळ सगळ्या पोफळी गेल्या. एक माड ओटीवर पडला. छप्पर, भिंत आणि भिंतीवरची फ्रेम, सगळं एकावर एक खाली आलं. आई आणि मी आतल्या खोलीत होतो म्हणून वाचलो. वादळाने आई गेली नाही, वादळानंतर गेली. वीज नाही, फोन नाही, रस्त्याभर झाडं आडवी. तिला ताप भरला, आणि डॉक्टरकडे पोचवायची वाट मोकळी होईपर्यंत सगळं आटपलं. शुद्धीत होती तोवर तिने एकदाच विचारलं, "फ्रेम कुठं हाय?" मी म्हटलं, गोठ्यात ठेवलीय, नीट आहे. "मोडली न्हाय ना?" मी नाही म्हटलं. मला वाटलं, तिला अण्णांची आठवण आली. तिचा शिवणाचा डबा मात्र कुठे उडून गेला, तो मिळालाच नाही.

दादाला कळलं ते मोबाइलला रेंज आल्यावर. तो तिकडे अडकलेला. पुढे नोकरी संपवून परत आला आणि पनवेलला मुलाकडे राहिला. पनवेल काही लांब नाही, सकाळची एसटी धरली तर जेवायला घरी. मी ये म्हटलं, तेव्हा म्हणाला, "आता कशाला."

तर ही फ्रेम अशी गोठ्यात पडली होती.

ती सोडवायला मला आख्खा उन्हाळा लागला. पाहुणे नसतील त्या दुपारी ओटीवर जुनी चादर पसरून बसायचे. बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून भिजवून सुटले. पेटीचं लाकूड सागवान, त्याला काही झालं नव्हतं. आतल्या पट्ट्या मात्र गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या एकेक सोडवल्या, पॉलिश पेपरने घासल्या, खोबरेल लावलं. खिट्यांच्या स्प्रिंगा गेल्या होत्या, तिथे रिफिलच्या पेनातल्या बसवल्या. सिग्नल ओढायच्या तारांचे तुकडे तुकडे झाले होते, त्यांच्या जागी मासे पकडायची तंगूस घातली. अण्णांना चालली नसती, पण खाऱ्या हवेत तंगूसच टिकते. एक पाहुणे कौतुकाने म्हणाले, "काकू, तुम्हाला या वयात हा छंद लागला." मी म्हटलं, "छंद नाही हो, भांडण आहे." त्यांना कळलं नाही. मलाही नीटसं कळलं नव्हतं. मेलेल्या दोन माणसांशी आणि जिवंत असलेल्या एकाशी मी त्या दुपारी भांडत असायचे, हात चालू ठेवून.

लिव्हरचा रंग काढायचं काम सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. श्रीवर्धनच्या दुकानातून रंग सोडवायचं औषध आणलं, विळीचं एक जुनं पातं घासून बोथट केलं आणि बसले. आईचे थर एकामागून एक सुटायला लागले. लाल, लाल, लाल, मध्येच एक हिरवा. त्या वर्षी दुकानात लाल मिळाला नसणार. पहिला लिव्हर झाला, दुसरा झाला, चौथा, पाचवा, सहावा झाला. तिसरा मी मुद्दाम मागे ठेवला असं नाही, पण राहिला खरा.

मुठीखाली खिटीजवळ सगळ्याच लिव्हरवर रंग साचून फुगवटा आला होता. तिसऱ्यावर तो जरा जास्त होता. मी पातं लावलं आणि पातं अडलं. परत लावलं. लाल रंगाखालून पिवळं काहीतरी चमकलं.

कडं होतं.

मी औषधाचं फडकं गुंडाळून ठेवलं आणि वाट बघितली. मग थर उलगडत गेले. प्रत्येक थर कड्यावरून सलग खाली लिव्हरवर उतरला होता, हिरवासुद्धा. आणि कडं जिथे लिव्हरला टेकलं होतं, तिथे बोटाने जरासं सरकवून बघितलं तर खाली फक्त जुने थर, अण्णा होते तेव्हाचे. म्हणजे ते कडं एकदा चढलं ते उतरलंच नव्हतं. दर आगोटीला आई ब्रश घेऊन यायची, आणि तेवढ्यापुरतंसुद्धा ते काढून ठेवायला तिचा हात झाला नाही. माणूस अजून लाइनीवर आहे, मग काढायचं कसं? तिने कड्यावरूनच रंग मारला. दर वर्षी मारला. तिची नजर अधू झाली होती, कडं दिसेनासं झालंय हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या बोटांना ते तिथे होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. आईचा नाही, दादाचा नाही, रंगाचा. एवढ्याशा रंगाचा.

मी फोटो काढून दादाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. जरा वेळाने त्याचा फोन आला.

"हे कुठल्या लिव्हरवर आहे?"

"तिसऱ्या."

"नाही. तिसरा रिकामा होता."

"तुला काय माहीत?"

मग त्याने सांगितलं. तेराव्याच्या संध्याकाळी तो चपला घालत होता, तेव्हा आई उठली आणि त्याच्यादेखत तिसऱ्या लिव्हरवर कडं चढवलं. तेवढ्यावर तो गेला. "मला वाटलं, बोलली ते बोलली, पण वाट बघणार आहे. एवढं पुरे होतं मला." परत यायला त्याला वर्षं लागली. रजा, कर्ज, मान, सगळंच आडवं आलं. अखेर आला तेव्हा घर उघडं, आत कुणी नाही. तो सरळ फ्रेमसमोर गेला. तिसरा लिव्हर कोरा. चौथ्यावर मात्र माझं कडं होतं, कारण मी श्रीवर्धनला गेले होते. आई स्वतः बरोबर असली तरी माझ्या लिव्हरवर कडं चढवल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हती.

"तुझं होतं, माझं नव्हतं," दादा म्हणाला. "मग थांबून काय करू? म्हटलं, हिने मला पोचलेला धरला. संपलं."

मी म्हटलं, "हात तरी लावायचास. हाताला लागलं असतं."

तो म्हणाला, "खिशात रुमाल नव्हता गं."

बाहेरचं कुणी असतं तर या बोलण्याला हसलं असतं. मी हसले नाही. मलाही त्या सगळ्या वर्षांत उघड्या हाताने लिव्हर चाचपून बघायचं सुचलं नव्हतं. आम्हाला वळणच तसं होतं. लिव्हर नुसता बघायचा, हात लावायचा नाही. आई वाट बघत होती, तो वाट बघितली जावी म्हणून झुरत होता, आणि मी दोघांच्या मध्ये बसून त्याला दगड म्हणत होते. मध्ये आडवा होता तो लाल ऑइलपेंट.

फोन ठेवताना त्याने विचारलं, "मी येऊ का?"

"विचारतोस काय?"

तो यायच्या आत मी फ्रेम पुरी केली. आता रंग अण्णांच्या मनासारखे दिले. सांध्याचा काळा, लांबच्या सिग्नलचा पिवळा, बाकीचे लाल. ओटीच्या नव्या भिंतीत बोल्ट ठोकून ती जुन्या जागी बसवली. तिसऱ्या लिव्हरचं कडं चिंचेने घासून लखलखीत केलं, पण काढलं नाही. कडं आहे म्हणून तिसरा ओढता येत नाही, आणि तिसरा उभा असला की सांधा सुटत नाही, आणि सांधा सुटल्याशिवाय पहिलाही येत नाही. एवढं खपून दुरुस्त केलेली फ्रेम, पण तिचे तीनच लिव्हर चालतात. पाहुण्यांना वाटतं, काकूंना नीट जमलेलं नाही. वाटू दे.

दादा दुपारच्या एसटीने आला. गुडघे गेलेत त्याचे, पायरी चढताना खांबाला धरलं. केस पांढरे, पण कान अण्णांसारखे. मी दारात उभी होते, म्हटलं, "बादली भरून ठेवलीय, पाय धू."

त्याने पाय धुतले नाहीत. बॅग खाली ठेवली आणि फ्रेमसमोर गेला. खिशातून रुमाल काढला. या वेळी आणला होता. रुमालाने तिसरा लिव्हर मुठीशी धरला, अंगठा कड्यावरून फिरवला. मला वाटलं, काढतोय. नाही काढलं. रुमाल घडी करून परत खिशात ठेवला.

आणि मग तो हळूच वळला. गुडघ्यांमुळे त्याला वळायला वेळ लागला. फ्रेमकडे पाठ करून, हात अंगापासून जरा लांब धरून उभा राहिला, शाळेतून सहलीला जाऊन आल्यावर राहायचा तसा. समोर मी होते, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. मान सरळ, नजर अंगणात. पाठ दिसेल अशी.

'आला सगळा' म्हणायला मी तोंड उघडलं. ते शब्द माझे नव्हते, माझ्या तोंडून आले नाहीत. जिने चढवलं तिनेच उतरवायचं.

तसाच उभा राहून त्याने विचारलं, "तिला दिसलो असेन का गं?"

मी म्हटलं, "पाय धू. पान वाढते."